रिकामा पाळणा हलवू नये

टुक्.

एवढासाच आवाज. पण जेवणं उरकून सगळी चाळ आडवी झालेली, नळ गेलेला, समोरच्या खोलीतला टीव्हीसुद्धा गप्प. घोडपदेवात अशी शांतता दिवसातून एकदाच येते आणि आली तरी फार वेळ बसत नाही. त्या शांततेत पाळण्याच्या कठड्यातलं एक लाकडी बॉबिन आपल्या सळईभोवती फिरलं आणि वाजलं.

दर्शना हातात झालर आणि तोंडात टाचण्या घेऊन जागच्या जागी थिजली. पाच वर्षांची जुई पालथी झोपली होती, ती हलली नाही. भिंतीकडे तोंड करून घोरणाऱ्या गंगूबाई मात्र घोरायच्या थांबल्या.

"पाळणो कोण हलयता गो?"

"कोणी नाही, आई. कोपर लागलं," ती टाचण्यांच्या फटीतून पुटपुटली.

"रिकामो पाळणो हलवूचो नाय. कितीदा सांगू?"

तोंडात टाचण्या असल्या की सासूला उलट उत्तर देता येत नाही, हा टाचण्यांचा मोठाच गुण आहे. दर्शनाने इकडेतिकडे पाहिलं, भाजीच्या टोपलीतला दुधी उचलला आणि पाळण्यात आडवा केला. गंगूबाईंनी मान वळवून दुधी बघितला, समाधानाने डोळे मिटले आणि घोरणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

पाळणा गंगूबाईंच्या नवऱ्याने बनवलेला. वसंतराव गिरणीच्या सुतारखात्यात होते. राजेशच्या, म्हणजे दर्शनाच्या नवऱ्याच्या, जन्माच्या वेळी त्यांनी गिरणीतली मोडीत निघालेली बॉबिनं, म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी रिळं, आणली, घासूनपुसून गुळगुळीत केली आणि कठड्याला ओवली. झोका दिला की ती आपापली फिरत आणि टुक् टुक् वाजत. गिरणी गेली, वसंतराव गेले, पाळणा राहिला. त्यात राजेश वाढला, जुई वाढली, आणि मधल्या काळात लालबाग-परळच्या नात्यागोत्यातली निम्मी पोरं त्यात झोपून मोठी झाली. कुणाकडे बारसं निघालं की त्यांनी पाळणा मागायचा आणि गंगूबाईंनी तो द्यायचा, अशी रीतच होती. मात्र पाळणा रिकामा जायचा नाही. घरचा वरवंटा दुपट्यात गुंडाळून, टोपडं घालून, बाळासारखा आत निजवायचा. बारशाला बायका तोच वरवंटा आधी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत पाळण्याच्या वरून-खालून फिरवायच्या आणि मग खऱ्या बाळाची पाळी. म्हणजे पाळणा गेला की वरवंटाही गेला. तो परत येईपर्यंत घरात वाटण मिक्सरवर व्हायचं आणि त्या कालवणाबद्दल गंगूबाई जे बोलायच्या ते मिक्सरनेसुद्धा मनाला लावून घ्यावं असं असायचं.

हा पाळणा सजवून भाड्याने द्यायचा, असं दर्शनाने ठरवलं. जुई होण्याआधी ती दादरला एका साडीच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना साड्या नेसवायची. जुई झाली आणि काम सुटलं, पण बोटांना सवय राहिली. तिने पाळण्याला जुन्या जरीच्या काठांची झालर लावली, मोगऱ्याच्या माळा सोडल्या, फोटो काढला आणि जुईच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर टाकला.

चाळीत चर्चा सुरू झाली. देवाघरच्या फुलासाठी असलेल्या वस्तूचे कोणी पैसे घेतं का, असं सगळ्यांचं मत पडलं. ज्यांनी तो पाळणा आजवर फुकट नेला होता, त्यांचं जरा जास्तच ठाम पडलं. शेवटी शेजारच्या नानांनी गॅलरीत तिला अडवून विचारलंच की, असा पाळणा भाड्याने देताना काहीच कसं वाटत नाही.

"नाना, मांडव भाड्याने मिळतो. नवऱ्याचा फेटा भाड्याने मिळतो. वरातीचा घोडा भाड्याने मिळतो," दर्शना म्हणाली. "मग पाळण्यानेच काय घोडं मारलंय?"

नाना आत गेले. पण खरी अडचण गॅलरीत नव्हती, घरात होती. गंगूबाई तीन दिवस गप्प बसल्या, हे त्यांच्या बाबतीत फारच होतं. चौथ्या दिवशी त्यांनी अट घातली. गिरगावातून पहिली मागणी आली होती ती सकाळच्या बारशाची. त्याच दिवशी संध्याकाळी लालबागला त्यांच्या भाच्याकडे, विक्रांतकडे, त्याच्या मुलाचं बारसं होतं. तिथे पाळणा जायचा तो अर्थातच रीतीप्रमाणे, भाडं न घेता.

"आपल्या माणसाकडे पाळणो येळेर पोचाक व्हयो," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत खंय रिकामो हलाक नाय व्हयो. ह्यातला एक जरी चुकला, तर पाळणो माळ्यार. मगे तो खाली उतरूचो नाय."

दर्शनाने माळ्याकडे पाहिलं. तिथे तिचं शिलाई मशीन होतं, तिला साडीच्या दुकानात बक्षीस मिळालेले दोन कप होते, आणि नंतर लागेल म्हणून ठेवलेलं बरंच काही होतं. या घरात माळ्यावर गेलेली एकही गोष्ट आजवर खाली उतरली नव्हती.

"पोचेल," ती म्हणाली.

बारशाच्या दिवशी सकाळी जुईने वरवंट्याला तयार केलं. स्वतःचं लहानपणीचं टोपडं घातलं, गालावर तीट लावली, आणि तो पाळण्यात निजवताना त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिने कोणाला कळू दिलं नाही. राजेशचा मित्र रघु टेम्पो घेऊन आला होता. त्याने पाळणा स्टँडसकट मागे दोरीने आवळला, दर्शना पुढे त्याच्या शेजारी बसली आणि टेम्पो निघाला.

भायखळ्याच्या सिग्नलला हवालदाराने हात केला. मागे उघड्या टेम्पोत तान्हं मूल एकटं आणि आई पुढे एसी नसलेल्या केबिनमध्ये हवा खात बसलेली, हे त्याने बघितलं होतं. तो आवाज चढवून बोलायला लागला तशी बाजूची माणसंही जमली. एका बाईने तर आजकालच्या आयांबद्दल सुरुवातच केली. दर्शना खाली उतरली, मागे गेली आणि तिने टोपडं बाजूला सारलं.

हवालदार बराच वेळ वरवंट्याकडे बघत राहिला. मग वरवंट्याच्या तिटेकडे बघत राहिला.

"रिकामा पाळणा नेऊ नये म्हणून," दर्शना म्हणाली.

"ते माहितेय मला. गाव देवगड आहे माझं." तो जरा ओशाळला होता. "टोपडं नीट घाला त्याला. ऊन आहे."

या सगळ्यात अर्धा तास गेला. टेम्पो खोताच्या वाडीच्या अलीकडे एका जुन्या इमारतीपाशी पोचला तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. घर मोठं होतं, छत उंच, आणि माणसं सावकाश बोलणारी. ज्यांच्याकडून मागणी आली होती त्या उर्मिलाकाकूंची ही पहिलीच नात. सून ऋग्वेदा सोफ्यावर बसली होती. भरजरी साडीत, पण डोळ्यांखाली काळं, आणि बघणं असं की समोरच्या माणसातून थेट पलीकडची भिंत दिसावी. मुलगा अनिमेष एका खुर्चीत बसून हसतमुखाने डुलक्या घेत होता. सव्वा महिन्यात हे बाळ एका वेळी अर्ध्या तासाच्या वर झोपलं नव्हतं. कोपऱ्यात विजेवर हलणारा एक परदेशी पाळणा होता. तो हलायचा, गाणी म्हणायचा, समुद्राचे आवाज काढायचा. त्यात सगळं होतं, फक्त झोप नव्हती.

उर्मिलाकाकूंचे यजमान चिंतामणीकाका निवृत्त प्राध्यापक होते. 'विकसनशील अर्थव्यवस्थेत उद्योजकतेचे स्थान' हा त्यांचा ग्रंथ नुकताच स्वखर्चाने प्रसिद्ध झाला होता आणि बारशाच्या पाहुण्यांना पेढ्यांबरोबर त्याची एकेक प्रत मिळत होती. पाहुणे ती दोन्ही हातांनी घेत होते. आदराने नव्हे, वजनामुळे. दर्शना झालर सारखी करत असताना काका तिच्याजवळ आले. प्रत्यक्ष उद्योजक त्यांना इतक्या जवळून बघायला मिळाला नसावा.

"तुमचं भांडवल काय?" त्यांनी विचारलं.

"हा पाळणा."

"बाजारपेठ?"

"ज्यांना मुलं होतात ते."

"आणि जोखीम?"

"सासूबाई."

काकांना उत्तर पटलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. अशा धडपडीवरच देश उभा राहतो, असं ते म्हणाले. फक्त पूर्वी जे प्रेमाने दिलं जायचं त्याचाही आता बाजार व्हावा याची मात्र खंत वाटते, असंही म्हणाले. दर्शनाने एव्हाना तोंडात टाचण्या धरल्या होत्या, म्हणून खंत तशीच राहिली.

बारसं छान झालं. उर्मिलाकाकूंकडे वरवंटा नव्हताच, त्यामुळे घोडपदेवच्या वरवंट्याने गिरगावात मान मिळवला. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि बाळाला पाळण्यात ठेवून पहिला झोका दिला.

टुक्. टुक्. टुक्.

बाळाने डोळे मोठे केले. एकदा डावीकडच्या बॉबिनांकडे पाहिलं, एकदा उजवीकडच्या. मग एक जांभई दिली आणि झोपून गेलं.

पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. अर्ध्या तासाने ऋग्वेदा रडायला लागली, पण आवाज न करता. उर्मिलाकाकूंनी सूत्रं हातात घेतली. सगळ्यांचे मोबाइल गप्प करवले. एका वन्संच्या बांगड्या काढून घेतल्या. पंगतीला पापड वाढला होता तो कोणी मोडायचा नाही, वरणात भिजवून खायचा, असं खुणेने सांगितलं. घुगऱ्या चावतानाही माणसं बाळाकडे बघून चावत होती. अनिमेष खुर्चीत मान टाकून खराखुरा झोपला. एक उचकी लागलेले आजोबा जिन्यात जाऊन उभे राहिले.

दर्शना दाराशी थांबली होती. खाली रघु टेम्पोत पेपर वाचून संपवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होता. दुपार उतरायला लागली तशी ती उर्मिलाकाकूंपाशी गेली आणि हळूच म्हणाली की आता निघायला हवं.

काकूंनी बाळाच्या मानेखाली हात घातला. बाळाचा खालचा ओठ थरथरला. सगळ्या घराने श्वास रोखला. काकूंनी हात काढला. मग आत्याने प्रयत्न केला. ती अधिक धीट होती, तिने बाळ उचलून थेट त्या परदेशी पाळण्यात ठेवलं आणि बटण दाबलं. बाळाने डोळे उघडले, समुद्राचा आवाज ऐकला, आणि फसवणूक झालेल्या माणसाने ओरडावं तसं ओरडायला लागलं. पुन्हा इकडे. टुक्, टुक्. पुन्हा झोप. मघाच्या धांदलीत वरवंटा टेबलावर राहिला होता. आत्याने तो त्या परदेशी पाळण्यात ठेवला, कारण पाळणा कुठल्याही देशाचा असला तरी रिकामा हलू नये.

ओरडण्याने अनिमेष जागा झाला होता. त्याने काय झालंय ते समजून घेतलं आणि दर्शनाला बाजूला नेऊन पाळण्याची किंमत विचारली. तो म्हणाला, तुम्ही सांगाल ती.

"विकायचा नाही, दादा."

मग काकू आल्या. पाळणा आजची रात्र राहू दे, उद्या माणसाबरोबर पाठवते, भाडं दुप्पट घे. त्यांचा आवाज हुकमाचा नव्हता, विनवणीचा होता आणि तोच त्रास देणारा होता. दर्शनाने लालबागला सासूबाईंच्या भाच्याकडे दुसरं बारसं असल्याचं सांगितलं. ते घरचंच आहे ना, मग भाडं थोडंच बुडणार आहे, असं काकूंनी विचारलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"काकू, तिथे भाडं नाही, पण शब्द दिलाय," दर्शना म्हणाली. "मी भाडं घेते म्हणून माझा शब्द स्वस्त झालेला नाही."

हे बोलताना तिला स्वतःचं फार बरं वाटलं. ते बरं वाटणं ऋग्वेदाकडे नजर जाईपर्यंत टिकलं. ऋग्वेदा पाळण्यापाशी जमिनीवर बसली होती, भरजरी साडीसकट, कठड्याला डोकं टेकून. दर्शनाला एकदम स्वतःची मोरीजवळची भिंत आठवली. जुई सहा आठवड्यांची असताना ती त्या भिंतीला टेकून अशीच बसायची, कारण तिथून पाळण्याच्या दोरीला पाय पुरायचा. झोप म्हणजे काय, हे फक्त दोन प्रकारची माणसं जाणतात. एक तान्ही पोरं आणि दुसऱ्या त्यांच्या आया. पहिल्यांना ती नको असते.

पाळणा उचलायचा तर बाळ उठणार. बाळ झोपू द्यायचं तर उशीर होऊन पाळणा माळ्यावर. दर्शनाने लोंबणारी झालर वर खोचली.

"मग बाळासकट नेते," ती म्हणाली.

कोणाला काही सुचायच्या आत ऋग्वेदा उभी राहिली होती. बाळंतिणीने पहिल्यांदा घराबाहेर पडायचं ते देवळात जायला, टेम्पोत बसायला नव्हे, असं उर्मिलाकाकूंनी कुजबुजत सांगून पाहिलं.

"आई, तुम्ही म्हणाल त्या देवळात जाईन," ऋग्वेदा म्हणाली. "पण आत्ता हे बाळ झोपलंय आणि ते जिथे जाईल तिथे मी जाणार."

त्या घरात सून इतकं स्पष्ट पहिल्यांदाच बोलली असावी. आवाज न चढवता बोलायची सक्ती असल्यामुळे तिला विरोधही कोणाला करता आला नाही. चार जणांनी पाळणा तरंगत जिन्यावरून उतरवला. एका बाजूला ऋग्वेदा, दुसऱ्या बाजूला दर्शना, मध्ये पाळणा अशी मागे बैठक झाली. काकू लोकलज्जेस्तव आल्या. चिंतामणीकाका पुढे रघुशेजारी बसले, मांडीवर उरलेले ग्रंथ घेऊन. अनिमेष जिन्यातून वर गेला तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला आणि समुद्राच्या आवाजात झोपी गेला.

रघुने आयुष्यात कधी नव्हे इतका हळू टेम्पो चालवला. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वळून बघून हसला. भायखळ्याच्या सिग्नलला तोच हवालदार होता.

"काय ताई, वरवंटा फिरवून आणलात?"

दर्शनाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बाळ आहे."

"एकदा फसलो," हवालदार हसून म्हणाला आणि खात्री करायला त्याने दुपट्याच्या आत बोट घातलं.

आतून एका एवढ्याशा मुठीने ते बोट पकडलं.

हवालदाराचा चेहरा बदलला. तो बोट सोडवेना आणि हात मागेही घेईना. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला. हवालदाराने दुसरा हात वर करून त्या टॅक्सीकडे असं काही पाहिलं की टॅक्सीच काय, तिच्या मागची बससुद्धा गप्प झाली. ऋग्वेदाने हलकेच स्वतःचं बोट त्याच्या बोटाच्या जागी सरकवलं. मग त्याने चारी बाजूंची वाहनं थांबवली, एक शिट्टी न वाजवता, आणि टेम्पो चौकातून एकटा, टुक् टुक् करत गेला.

लालबागला विक्रांतची जुनी चाळ पाडून टॉवर झाला होता. खालच्या हॉलमध्ये पाहुणे ताटकळले होते, विक्रांतचा मुलगा रडून लाल झाला होता, आणि दारात जुईचा हात धरून गंगूबाई उभ्या होत्या. दर्शना टेम्पोतून उतरली. उशीर झाला होता. फार नाही, पण झाला होता, आणि गंगूबाईंच्या हिशेबात थोडा उशीर असा प्रकार नव्हता.

गंगूबाई पुढे आल्या. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं. मग दर्शनाकडे पाहिलं, मग ऋग्वेदाकडे, मग पुन्हा पाळण्यात.

"ह्या कोणाचा?"

"यांचं," दर्शना म्हणाली. "दुसरीकडे झोपत नाही. आई, पाळणा रिकामा नाही आणला."

गंगूबाईंनी हाताने आत आणायची खूण केली. पाळणा हॉलमध्ये आला. त्यांनी झोपलेल्या मुलीला एका हाताने अलगद कडेला सरकवलं, जसं गाडीत बसलेल्या बाईला 'जरा सरकून घ्या' म्हणावं, आणि तिच्या शेजारी विक्रांतच्या मुलाला ठेवलं. झोका दिला. टुक्, टुक्. मुलाचं रडणं मधेच थांबलं.

"आता वरवंटो हाडा," गंगूबाई म्हणाल्या.

वरवंटा गिरगावात होता. परदेशी पाळण्यात, समुद्राच्या आवाजात.

टॉवरमध्ये वरवंट्याचा शोध सुरू झाला. पंचवीस मजल्यांच्या इमारतीत एकही वरवंटा निघाला नाही. सगळे पाटे-वरवंटे चाळीबरोबर गेले होते. कोणी लाटणं आणलं, ते किरकोळ दिसलं. सातव्या मजल्यावरच्या मुलाने व्यायामाचं डंबेल आणलं, ते पाहून एक आजी म्हणाल्या की पोर पैलवान निघायचं. गंगूबाईंची नजर हॉलभर फिरली आणि चिंतामणीकाकांच्या मांडीवर थांबली.

त्यांनी विचारलं नाही. वरचा ग्रंथ उचलला, हाताने तोलून पाहिला, दुपट्यात घट्ट गुंडाळला, वरून विक्रांतच्या मुलाचं टोपडं बसवलं आणि पहिल्या बाईच्या हातात दिला.

"गोविंद घ्या," पहिली म्हणाली.

"गोपाळ घ्या," दुसरी म्हणाली.

विकसनशील अर्थव्यवस्थेतले उद्योजकतेचे स्थान पाळण्याच्या वरून गेले, खालून आले आणि पुन्हा वर गेले. चिंतामणीकाका उभे राहून बघत होते. त्यांचा ग्रंथ इतक्या हातांनी इतक्या मायेने घेतला जाताना त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं उर्मिलाकाकूंनी नंतर शपथेवर सांगितलं.

नाव ठेवून झालं, पेढे झाले. काका भारावलेले होते आणि भारावले की ते बोलायचे. ते गंगूबाईंपाशी जाऊन बसले. तुमच्या पिढीने हा पाळणा घरोघर फुकट दिला, ही खरी संस्कृती, असं म्हणाले. नव्या पिढीने त्याचा बाजार मांडला, तुम्हाला किती वाईट वाटत असेल, असंही म्हणाले.

दर्शना जवळच पेढ्यांची ताटं गोळा करत होती. तिचे हात थांबले. माळा तिच्या डोळ्यांसमोर होता.

गंगूबाईंनी चहाचा घोट घेतला. "ह्या तुमचा पुस्तक," त्या म्हणाल्या, "तुमी फुकट वाटलात ना?"

"हो. सगळ्यांना."

"मग वाचल्यान कोणी?"

काकांनी ताटातला उरलेला पेढा तोंडात टाकला.

"माजी सून सकाळपासून धावता हा. पाळणो धुता ती, सजयता ती, तुमच्या नातीक झोपयल्यान ती. देवाच्या कामाचो पुजारी दक्षिणा घेता, तेका कोण इचारणा नाय." गंगूबाईंनी कप खाली ठेवला. "माज्या घोवाचो पाळणो फुकट होतो, तवा लोक तो परत करताना पुसूनसुद्धा दियत नसत."

नेमक्या त्याच वेळी उर्मिलाकाकू आल्या. मुलगी उठून दूध पिऊन खेळत होती, पण रात्र पुढे होती. पाळणा आजच्या रात्रीपुरता तरी मिळेल का, त्यांनी विचारलं, आणि या वेळी दर्शनाला नव्हे, थेट गंगूबाईंना. दर्शनाने तोंड उघडलं, पण तिला बोलायला मिळालं नाही.

"आज नाय. पाळणो दमलो. उद्या सकाळी पाठवतंय, आठ दिसांसाठी," गंगूबाई म्हणाल्या. "आगाऊ भरूचा लागतला. आणि वरवंट्याचा भाडा वेगळा."

दर्शनाने सासूकडे पाहिलं. वरवंट्याचं भाडं वेगळं घ्यायचं, हे तिला स्वतःला सुचलं नव्हतं.

पाळणा घोडपदेवला परत आला तो रिकामा नाही. चिंतामणीकाकांनी आपला ग्रंथ टोपड्यासकट त्यातच राहू दिला होता. राजेश आणि रघुने पाळणा वर आणला. चाळीत बातमी आधीच येऊन पोचली होती, आणि नाना गॅलरीत उभे राहून, आपल्या पुतणीकडे पुढच्या महिन्यात बारसं असल्याचं सहज म्हणून सांगून गेले. गंगूबाईंनी त्यांना नंबर लावायला सांगितलं. मग त्या राजेशला उद्याचं समजावत बसल्या. दर्शना सकाळी लवकर निघेल, पाळणा पोचवेल, वरवंटा बघून येईल, तिथून दादरला जरीचे काठ आणायला जाईल, यायला संध्याकाळ होईल. दर्शना झालर सोडवत होती आणि टाचण्या एकेक करून तोंडात धरत होती. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण टाचण्यांमुळे नुसतं गुणगुणता येत होतं.

जुईने पाळण्याच्या कठड्यावर चढून दुपटं उलगडलं.

"आई, हे पुस्तक आहे. आपला वरवंटा कुठाय?"

दर्शनाने तिला सांगितलं. तो गिरगावात एका मोठ्या घरी राहिलाय. तिथे त्याच्यासाठी विजेवर हलणारा पाळणा आहे, त्याला गाणी ऐकू येतात, समुद्राचा आवाजसुद्धा ऐकू येतो. जुईने सगळं नीट ऐकून घेतलं. तिथे त्याच्याजवळ कोण आहे, असं तिने विचारलं. एक काका आहेत, दर्शना म्हणाली, पण ते झोपलेत.

जुई विचारात पडली. तिने पुस्तकाला पुन्हा टोपडं घातलं, त्याचे बंद बांधले, आणि झोका दिला. टुक्. मग थांबून आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी अवघड येतंय हे ओळखून, उत्तर देता यावं म्हणून, दर्शनाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या.

"तू जाताना मला सांगतेस ना, तसं मी त्याला सकाळी कानात सांगितलं होतं, आई लगेच येईल," जुई म्हणाली. "मग आता रात्री त्याला आई लागली तर?"